दहा तोफांचा बैल

माझे वडील बाभुळगावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बेंबळा नदीला पूर आला की पुलावर जाऊन उभे राहायचे, तेवढीच त्यांची जलयात्रा. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लढाऊ जहाजांविषयी त्यांना जेवढं माहीत होतं, तेवढं आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं आणि कोणाला माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. ही दुसरी गोष्ट त्यांच्या कधी लक्षात आली नाही.

सगळा दोष एका पुस्तकाचा. जिनिंगचं जुनं ऑफिस पाडलं तेव्हा रद्दीत एक जाडजूड, कव्हर गेलेलं इंग्रजी पुस्तक निघालं. पानोपानी जहाजांची चित्रं आणि आतली यंत्रं. बाबांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. पण मशीनचं ड्रॉइंग असेल तर ते कुठल्याही भाषेत वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं. जे वाचता आलं नाही ते त्यांनी अंदाजाने भरून काढलं असावं. आम्हाला पडताळून पाहायची सोय नव्हती.

वाचलं की ते घरात लागू करायचे. एकदा त्यांनी आईला सांगितलं, की आधीच्या जहाजांवर मोठ्या, मधल्या, लहान अशा सतरा मापांच्या तोफा असायच्या. गोळे पाण्यात पडले की कुठलं पाणी कोणाच्या गोळ्यानं उडालं ते कळायचं नाही, मग नेम सुधारणार कसा? म्हणून इंग्रजांनी एक जहाज काढलं, ड्रेडनॉट. त्यावर मोठ्या तोफा सगळ्या एका मापाच्या. गोंधळ खतम. दुसऱ्या दिवशी बाबांनी आईचे लहानमोठे डबे माळ्यावर टाकले आणि एका मापाचे बारा डबे आणून ओळीनं मांडले. आठ दिवसांत दोनदा चहात मीठ पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा आईनं तो कप बाबांनाच पाजला आणि जुने डबे खाली आले.

एका बाबतीत मात्र ते गंमत चालू द्यायचे नाहीत. जहाजाला कोणी जहाजाशिवाय दुसरं काही म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. माझा मामा दिवाळीला आला होता. पुस्तक चाळताना सहज म्हणाला, "भाऊजी, डोंगा चांगला आहे." बाबा दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. आईनं रडून पाहिलं, आजीनं रागावून पाहिलं. बाबांचं एकच, "डोंगा म्हनला थो. बारा इंची तोफा अन् डोंगा!"

मी पाचवीत होते ते वर्ष कापसाचं फार वाईट गेलं. अशी वर्षं तेव्हा एकामागोमाग एक येत होती. जिनिंग महिनोन्‌महिने बंद, आणि बाबा घरी. पोळ्याला तोरणाखाली निम्म्याच जोड्या उभ्या राहिल्या. बाकीच्या बाजारात गेल्या होत्या. पारावर माणसं तोंडं पाडून बसलेली असायची आणि बाबा त्यांना हुरूप यावा म्हणून सांगायचे, की त्या जहाजांच्या तोफा उडायच्या त्या कापसापासून केलेल्या दारूनं. "लोखंड त्याईचं असन, पन पोटात कापूसच होता."

"मंग त्याईले म्हना ना, भाव द्या," एका म्हाताऱ्यानं सांगितलं.

माझी चिंता वेगळी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मैदानात आणतात, परीक्षक नंबर काढतात, मग पोरं बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे बैलाच्या ओवाळणीचे पैसे, मागत फिरतात. स्पर्धेत पाचवीपर्यंतच्याच मुलांना घ्यायचे, म्हणजे माझं ते शेवटचं वर्ष. आधीची तीन वर्षं मी एकच बैल ओढत नेला होता. त्याला एक कान नव्हता. तिन्ही वर्षं पहिला नंबर आमच्या शेजारणीला, माझ्याच वर्गातल्या मुलीला मिळाला होता आणि ती तो वर्षभर मला ऐकवायची. मला पहिला नंबर हवा होता. देवाकडे मी दुसरं काही मागत नव्हते, गणितात पास होणंसुद्धा नाही.

"बाबा, मले नवा बैल करून द्या."

"असा करतो का तालुक्यानं पाहाव."

हे ऐकूनच आईला शंका आली. "बैल म्हंजे बैल," ती म्हणाली. "चार पाय, दोन शिंगं."

पंधरा दिवस मागच्या पडवीत ताडपत्रीआड ठोकाठोकी चालली. मोडक्या बैलबंडीच्या फळ्या, जिनिंगच्या भंगारातले पत्रे, पाइपाचे तुकडे आत जाताना दिसायचे. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बाबांनी ताडपत्री ओढली. आत साडेतीन हात लांब, करड्या रंगाचं, चार चाकांवरचं ड्रेडनॉट उभं होतं. पाच बुरूज, प्रत्येकात दोन तोफा, दोन धुराडी. बैलाचं त्यात काही नव्हतं.

मी भोकाड पसरलं. आईनं कपाळावर हात मारला.

"अवो, बैल कुठी आहे याच्यात?"

"हे पाह्य ना." बाबांनी जहाजाच्या नाकाकडे बोट दाखवलं. ते खालच्या बाजूनं पुढे आलेलं होतं. "हे शिंग. पान्याखालून धडक द्याले. पुढं पुढं लढाया कोसावरून व्हाले लागल्या, धडक कोनी देये ना. पन शिंग राह्यलं. अन् मजा म्हंजे, हे शिंग दुश्मनाले कमी लागलं, आपल्याच जहाजाईले जास्त!"

आता दुसरा बैल कुठून आणणार? आईनं मुकाट्यानं पुढच्या बुरुजावर बाशिंग बांधलं, मधल्या दोन बुरुजांवर झूल टाकली, शिंगाला बेगड चिकटवली, घुंगरमाळ घातली आणि कासऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. "मी येत नाही," ती म्हणाली. "माह्यानं पाह्यनं होनार नाही."

मैदानात शंभरेक बैल ओळीनं उभे होते. बाबांनी पुढच्या धुराड्यात शेणाची पेटती गोवरी आणि ओंजळभर धूप टाकला. त्या इंग्रजी जहाजाची टेहळणीची डोलकाठी धुराड्याच्या मागे होती. चालत्या जहाजाचा सगळा धूर वर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जायचा. ही मूळ कारागिराची चूक होती, बाबांना ती माहीत होती आणि त्यांनी ती जशीच्या तशी केली होती. दुरुस्त केली तर ते खरं जहाज राहणार नाही, म्हणाले. ओळीत जहाज सांभाळत मी डोलकाठीच्या बरोबर मागे उभी होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

मग झडत्यांची वेळ झाली. पोळ्यात एकेकजण पुढे होऊन तुकबंदी म्हणतो, तसं तान्ह्या पोळ्यातही मोठी माणसं हौस भागवून घेतात. बाबा पुढे झाले आणि छाती काढून म्हणाले,

"बुरूज पाच अन् तोफा दहा,
या हो पोळ्यात जहाज पाहा!
वरून लोखंड, आतून कापूस,
भाव पुसला तं म्हने उद्या पुस!"

टाळ्या पडल्या. पारावरचा तो म्हातारा तर शिट्टी मारून मोकळा झाला. मलाही जरा धीर आला आणि परीक्षकांच्या टेबलाकडे जायला म्हणून मी पुढे येऊन जोरात कासरा ओढला. ते वजन हलायला वेळ लागला, आणि एकदा निघाल्यावर थांबायला त्याहून जास्त. मला वळायचं होतं डावीकडे. जहाज गेलं सरळ. शेजारणीच्या बैलाच्या पोटात शिंग घुसलं आणि त्याचा मागचा पाय कडकन मोडला.

ती किंचाळली. तिचे वडील धावत आले. आणि माझे बाबा हात वर करून आनंदानं ओरडले, "पाह्यलं का? आपल्याच लायनीतल्याले लागलं! अस्संच होये!"

शेजाऱ्यांना इतिहासात रस नव्हता. ते तडक टेबलाशी गेले. "स्पर्धा बैलाची हाये. हे जहाज होय. थो सोताच म्हनला आता, सगळ्यायनं आइकलं. भायेर काढा याले."

टेबलाशी हेडमास्तर आणि ढोरांच्या दवाखान्याचे डॉक्टर असे दोघे परीक्षक होते. हेडमास्तरांनी जहाजाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "हा तुमचा विषय," ते म्हणाले.

डॉक्टर उठून आले. मागून पाहिलं, पुढून पाहिलं, धूर नाकात जाऊन चारदा शिंकले. मग म्हणाले, "बाजारात मी जनावराच्या दाताले हात लावाच्या आंधी मालकाले पुसतो. चार मानसाईत मालकानं देल्ला शब्द चालते. भाऊ, तुमी सांगा. हा बैल होय का जहाज? बैल म्हनसान तं नंबरात धरतो. जहाज म्हनसान तं लिहिलेलं नाव काटतो."

बाबांनी जहाजाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काजळी, नाक वाहतंय, कासरा दोन्ही हातांनी धरलेला. ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. मामाशी ते अजून बोलत नव्हते.

"बैल होय," बाबा म्हणाले.

"जोरात सांगा," डॉक्टर म्हणाले, "मांगं आइकू नाही येत."

"बैल होय साहेब. बैलच होय."

"मंग ह्या दहा काय होत?"

"शिंगं."

लोकांची हसता हसता पुरेवाट झाली. डॉक्टर मात्र चेहरा न हलवता वहीत लिहीत होते. "किती दाती?"

"जुळला हाये," बाबा म्हणाले. म्हणजे सगळे दात आलेला, पुरत्या वयाचा. लोक आणखी हसले. बाबांचे कान लाल झाले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पहिला नंबर शेजारणीच्याच बैलाला मिळाला. मोडक्या पायाला चिंधी बांधून तो टेबलावर ठेवला होता आणि सगळ्यांना त्याची दया आली. दुसरा कोणाचा होता ते आठवत नाही. माझा तिसरा. बक्षीस चहाची गाळणी.

जहाज पुरतं विझवून बाबांनी ते खांद्यावर घेतलं. घरी आलो तर आई दारातच. तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं.

"जहाजाचा तिसरा नंबर आला म्हनते?"

"जहाजाचा नाही," बाबा म्हणाले. "जहाज स्पर्धेत नव्हतंच. बैल तिसरा आला."

आई हसली. मी हसले नाही. "साधा बैल केला असता तं पहिला आला असता," मी म्हटलं. "तुमच्याच पायी गेला माहा नंबर." आणि जेवायलासुद्धा उठले नाही, भिंतीकडे तोंड करून रडत राहिले. बाबा बराच वेळ माझ्याजवळ बसले होते. "हो माय," एवढंच म्हणाले, "चुकलं माहं."

ते कबूल झाले, म्हणजे चूक त्यांचीच, असं मला तेव्हा वाटलं. आता मला स्वतःला मुलगी आहे, आणि ती आठवण आली की मला फार लाज वाटते. त्या दिवशी सगळ्या गावासमोर ते माझ्यासाठी खोटं बोलले, तेही त्या जहाजाबद्दल, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून नंबरासाठी रडत होते.