रिकामं पातेलं आणि सोनेरी मुंगूस

गेल्या उन्हाळ्यात माझा गुडघा संपावर गेला, म्हणून मी हा खेळ शिकले. एरवी मला फोनवर पत्ते खेळायला वेळ कुठला? गावी, वरकुट्यात, माझी सकाळ शेळ्यांत जाते, दुपार शेजारणींत, आणि उरलेला वेळ लोकांच्या सुना काय करतात ते बघण्यात. पण डॉक्टर म्हणाले, महिनाभर मांडी घालायची नाही, जिना चढायचा नाही. मग लेकानं मला उचललं आणि बारामतीला आपल्या घरी आणून खिडकीशी बसवलं, एमआयडीसीच्या रस्त्यावर. लेक डेअरीत कामाला, सून शाळेत. खिडकीतून शिफ्ट सुटल्यावरचा मोटारसायकलींचा लोंढा तेवढा दिसायचा. घरात उरायचो मी आणि नात. ती इंजिनिअरिंगला, आणि तेव्हा तिला अभ्यासाची सुट्टी होती. म्हणजे ती दिवसभर फोनला नाक लावून बसायची.

"कुणी पोरगा हाय का गं?" एकदा मी विचारलंच.

"पोरगा कुठला आज्जी, पत्ते खेळतेय."

पत्ते म्हटल्यावर मी सरळ बसले. गुडघ्यानं तक्रार केली, तिकडं लक्ष दिलं नाही. तरुणपणी खुरपणीला गेलं की दुपारी भाकरी खाऊन बांधावर मेंढीकोटाचा डाव पडायचा. भिडूला हुकूम कळावा म्हणून मी नाक खाजवायची. एकदा खाजवलं तर बदाम, दोनदा खाजवलं तर इस्पिक. मला वाटायचं, काय पण डोकं चालतं आपलं! पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की ती खूण सगळ्या बायकांना माहीत होती. माझं नाक बघूनच त्या डाव खेळायच्या. इतकी हुशार होते मी.

तर नातीनं मला खेळ शिकवला. ह्यात राजा-राणी नाही, जनावरं असतात. प्रत्येकाला ताकद, प्रत्येकाची एक खोड. आपण तीन जनावरं मांडायची, समोरच्यानं तीन, मग झुंज. समोरचा कुठल्या मुलखात बसलाय हे आपल्याला कळत नाही. नव्या माणसाला सुरुवातीला पाच पत्ते फुकट मिळतात. मला मिळाले ते बघून निमगावच्या बाजारात संध्याकाळी उरलेल्या भाजीची आठवण झाली. एक गोगलगाय, एक लंगडा कावळा, बाकीची नावं घेण्यासारखी नाहीत.

"पण आज्जी, हे पत्ते खरंच तुझे आहेत बरं का," नात म्हणाली.

"फोनातला पत्ता माझा कसा? कंपनीनं काढून घेतला तर?"

"घेऊच शकत नाही. ह्याला ब्लॉकचेन म्हणतात. कुठला पत्ता कुणाचा, ही नोंद एका जागी नसते. जगभरच्या कॉम्प्युटरांवर एकदमच असते. तू स्वतः कुणाला दिलास तरच पत्ता जातो, आणि एकदा झालेली नोंद कुणालाच खोडता येत नाही."

"म्हंजी सातबाऱ्यासारखं. पण तलाठ्याबिगर."

"अगदी!"

"आणि फेरफार चुकला तर?"

"चुकला तर चुकला."

हे मी ऐकलं होतं. आत्ताच कबूल करून टाकते, कारण पुढं दोन दिवस मी 'मला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणत होते.

पत्ते ठेवायला माझ्या फोनात माझं वेगळं वॉलेट, म्हणजे पाकीट, काढलं. त्याच्या किल्लीचे बारा शब्द नातीनं कागदावर लिहिले आणि माझ्या पानाच्या चंचीत, चुन्याच्या डबीखाली सरकवले. चंचीला घरात कुणी हात लावत नाही. चोरांपासून पुरा बंदोबस्त झाला. माझ्यापासून कोण करणार?

पाच मरतुकड्या जनावरांवर मी रोज हरायची. नातीला दया आली. तिनं तिचं सोनेरी मुंगूस माझ्या वॉलेटात घातलं. हे मुंगूस तिनं पहिल्या वर्षी एका स्पर्धेत जिंकलेलं. तिचा सगळा डाव त्याच्या शेपटीला बांधलेला. "आज्जी, हे माझं आहे. फक्त खेळायला ठेवतेय तुझ्याकडं. रविवारी कॉलेजात स्पर्धा आहे, त्याच्या आधी मी परत घेणार. मागच्या वर्षी फायनलला हरले होते, ह्या वर्षी सोडणार नाही."

"बरं," मी म्हणाले.

मग आला गुरुवार. नात मैत्रिणीकडं नोट्स आणायला गेलेली. मी एकटीच खेळायला बसले. समोर कुणीतरी होतं, नावाच्या जागी हिरव्या माशाचं चित्र. दोन डाव मी हरले. तिसऱ्यात मुंगसानं त्याच्या सापाला असं काही लोळवलं की मी खिडकीतून ओरडले, रस्त्यावरच्या एका मोटारसायकलवाल्यानं वर बघितलं. डाव संपला आणि टिंग वाजलं. त्या मासेवाल्यानं मला एक पत्ता पाठवला होता. हिरवा बेडूक, सोबत हलणारा हात. नव्या माणसाचं कौतुक म्हणून असेल.

आता तुम्हीच सांगा. भिंतीवरून शेजारणीनं कालवणाची वाटी दिली तर ती रिकामी परत करतात का? आमच्याकडं नाही करत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामं भांडं कुणाच्या दारात जात नाही. मी माझे पत्ते बघितले. लंगडा कावळा पाठवू? गोगलगाय? वरकुट्याची अब्रू घालवू? त्यात मुंगूस दिसणं म्हणजे शुभ. सकाळी आडवं गेलं तर माणूस म्हणतो, आज काम झालंच. द्यायचं तर चांगलं द्यावं.

नात मैत्रिणीला पत्ता पाठवताना मी बघितलं होतं. फोननं मला तीनदा काहीतरी विचारलं. तिन्ही वेळा खाली हिरवं बटण होतं. हिरवं म्हणजे चांगलं, एवढं मला कळतं. तिन्ही वेळा दाबलं.

संध्याकाळी नात आली तेव्हा मी छाती फुगवून बसले होते. "एका माणसानं बेडूक दिला मला. मीबी काय कमी न्हाय, मुंगूस धाडलं."

ती चप्पल काढत होती. एक चप्पल पायातच राहिली.

"कुठं धाडलं?"

"त्या माशाला."

तिनं फोन घेतला, बघितला, पुन्हा बघितला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आज्जी, ते परत येत नाही. कुणीच आणू शकत नाही. त्यानं स्वतः दिलं तरच."

"मग माग त्याला."

"मी नाही मागणार. तू दिलंस, तूच माग."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. शब्द न् शब्द.

लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. शेजारच्या काकूंनी मोठं पातेलं भरून कटाची आमटी दिली. पातेलं परत करायचं होतं. कणगीतल्या ज्वारीला किडे लागलेले, ती देऊन नवी सून स्वतःचं हसं कसं करून घेणार? उतरंडीच्या मडक्यात मात्र मोत्यासारखा शाळू होता, राखेत घालून ठेवलेला. मी तो काढला, राख पाखडली, पातेलं काठोकाठ भरलं आणि डोक्यावर पदर घेऊन देऊन आले. काकू म्हणाल्या, केवढ्या मोठ्या मनाची सून! मी दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मडक्यात हात घातला.

"आगं, ह्यातलं बी कुठं गेलं?"

"काकूंच्या पातेल्यात घातलं, आत्या."

"पेरायचं बी? राखंत घातलेलं दिसलं न्हाय व्हय तुला?"

"दिसलं."

"मग?"

"राख पाखडून दिली."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला नाही, मला मारलं नाही. "तू दिलंस, तूच माग," एवढंच म्हणाल्या.

गेले मी. काकू चुलीपुढं बसल्या होत्या. "ये गं, बस. तुझ्या शाळूच्या भाकरी काय ग्वाड झाल्यात!" म्हणून त्यांनी ताटात एक गरम भाकरी टाकली, वर लोणी. आणि मी काय केलं? खाल्ली. आमचं बियाणं मी बसून खाल्लं, वर दुसरी मागून घेतली, आणि बियाण्याचा विषयही न काढता घरी आले. त्या वर्षी रानाची एक पट्टी पेरायची राहिली. जाता-येता सासूबाई कुणाला तरी दाखवायच्या, "ती बगा, आमच्या सूनबाईंच्या मोठेपनाची पट्टी."

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आणि आता? आताही भाकरी खाऊन येणार?"

म्हटलं, घे फोन, मी सांगते तसं इंग्रजीत लिही. "लिही, मुंगूस आजारी हाय, त्याला औषध द्यायचंय."

"आज्जी!"

"बरं, लिही, पोरीचं लग्न ठरलंय आणि मुंगूस आहेरात..."

"मी उठू का?"

मग मी सरळ बोलले. बोलताना कान गरम झाले. दिलेली वस्तू परत मागणं हे मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. 'मी नवी आहे, म्हातारी आहे. तू बेडूक दिलास म्हणून तुझं भांडं रिकामं पाठवायचं नव्हतं. पण मी त्यात जे भरलं ते माझं नव्हतं, नातीचं होतं, पेरायचं बी होतं. ते परत दे. मला मागायची लाज वाटते, तरी मागते.' नातीनं लिहिलं. पेरायच्या बियाचं इंग्रजी करताना मात्र थोडी हळू झाली.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. नातीनं वाचून दाखवलं. मासेवाला म्हणत होता, बेडकाच्या बदल्यात मुंगूस कोण देतं, मला वाटलं खेळच बिघडला. देतो परत. पण मी ते एका चढाओढीत लावून बसलोय, ती रविवारी रात्री संपते. तोवर मुंगूस त्यात अडकलंय, मलाही काढता येत नाही. सोमवारी पाठवतो.

म्हणजे स्पर्धा होऊन गेल्यावर.

रविवारी नात मुंगसाच्या जागी माझा बेडूक घेऊन गेली. दुसऱ्याच फेरीत हरून आली. जेवताना मी तिच्या ताटात लोण्याचा गोळा टाकला. तिनं तो बाजूला सारला, मग थोड्या वेळानं खाल्ला.

"बेडूक लई वाईट खेळला का?" मी विचारलं.

"बेडूक बरा खेळला. मुंगूस असतं तर जिंकले असते." तिनं ते सरळ सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलली नाही. हे मात्र आमच्या घराण्यात नवीन आहे.

सोमवारी सकाळी टिंग वाजलं. मुंगूस आलं. मी फोनला बोटही लावलं नाही, काठी जमिनीवर आपटून नातीला हाक मारली आणि तिच्याकडूनच ते तिच्या वॉलेटात परत घालून घेतलं. मग तिनं मला मुंगसाचा प्रवास दाखवला. कुणाकडून कुणाकडं गेलं त्याची माळ. नात, मी, मासा, मी, नात.

"ही आता अशीच राहणार?"

"कायमची. सगळ्या जगाला दिसणार."

रानातली ती पट्टी पुढच्या वर्षी पेरली, शाळू आला, लोक विसरले. ही पट्टी काही बुजायची नाही.

नंतर पंधरा दिवसांनी मी एक डाव स्वतःच्या जिवावर जिंकले आणि बक्षीस म्हणून एक काळी म्हैस मिळाली. चांगली शिंगाळ. ती मात्र मी मासेवाल्याला पाठवली, नातीला शेजारी बसवून, प्रत्येक बटणाला विचारून. माझी होती, मी कमावलेली. आता गुडघा बरा आहे, मी वरकुट्यात आहे, आणि दुपारी शेळ्या बसल्या की एखादा डाव टाकते.

मुंगूस तेवढं नात अजून देत नाही. परवा फोनवर म्हटलं, "एक दिवसासाठी दे की गं, इथल्या बायकांना दाखवते."

"कशाला," ती म्हणाली, "राख पाखडायला?"