कासरा, काटा आन् साळ्याची शीळ

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तवाची गोष्ट. देऊळघाटच्या वावरात मी मिरच्या तोडून राह्यलो होतो. टाचेले कचकन काहीतरी टोचलं. मी बोंबललो, "साप!" पाह्यला कोनं? म्या त नाई.

साळ्यानं बैलाचा कासरा आनला आन् माह्या मांडीले असा आवळला, का डोळेच बाहीर आले. मंग आमच्याकडली परीक्षा. कडुनिंबाचा पाला चावाचा. कडू लागला त जहर नाई, नाई लागला त चढलं. माह्या तोंडात सकाळपासून तंबाखू. जिभीले काय कळते?

"काहीच लागत नाई बे!"

बायकोनं गळा काढला. साळ्यानं अजून एक पेच मारला.

बैलगाडीनं बुलढाण्याले पोचलो तवा पाय निळा, गार, दुसऱ्याच कोनाचा वाटे. डाक्टरनं टाचेतून बाभळीचा काटा उपसला.

"हा तुमचा साप."

साळा लगेच गाठ सोडाले धावला. डाक्टर ओरडला, "हात लावू नको! इतका वेळ रक्त अडलंय. एकदम सोडलंस तर पायातली सगळी घाण वर चढेल, मूत्रपिंडं बंद पडतील. काट्यातून वाचला तो तुझ्या गाठीनं मरेल!"

मंग हातात सलाईनची सुई. डाक्टर कासरा जरा ढिला करे, थांबे, नाडी पाहे, पुन्हा ढिला करे.

"आता लघवी झाली पाहिजे. रंग बघायचाय."

खाटेभोवती बायको, साळा, सासरे. सासऱ्यासमोर कशी होईन, बाप्पा?

"अवं, करा ना!" बायको रडू रडू म्हने. "एरवी त कुठंबी उभे राह्यता!"

शेवटी साळ्यानं, बैलानं मुतावं म्हनून घालते तशी शीळ घातली. आन् झाली! पन काळ्या चहासारखी. डाक्टरचं तोंड उतरलं. माहा त जीवच उतरला.

"अजून सलाईन लावा."

साळा शीळ घालत राह्यला, ओठ सुजले त्याचे. सकाळी पिवळी झाली. बायकोनं शिशी खिडकीच्या उजेडात धरून साऱ्या वार्डाले दाखवली, "पाहा वं बाई, पिवळी!" सासरे म्हनाले, "जवाईबापू, जिंकले!"

पाय वाचला, गुर्दे वाचले. पन अजूनबी साळा बैलाले शीळ घालते, तवा बैलाच्या आधी मीच बांधाआड पळतो.