फोटोवाली

खालापूरच्या बाजूला आमचा पोहे पॅकिंगचा कारखाना आहे. मी कर्जतहून स्कूटरने जाते, देखरेख माझी. बायका लोधिवलीकडून टेंपोने येतात. त्यांतली एक सील करायच्या मशिनवर बसते. सील वाकडं झालं की हवा शिरते नि पोहे सादळतात, म्हणून ती जागा तिचीच. तिच्या हातचं पाकीट कधी परत आलं नव्हतं.

गेल्या वर्षी मालकांनी मला शिबिराला धाडलं. माणसं कामात रमावीत म्हणून काय करावं, ते शिकायला. आले ती भारावूनच. महिन्याची उत्तम कर्मचारी निवडायची, तिचा हा एवढा मोठा फोटो दाराशी लावायचा. आता उत्तम कोण, हे काय विचारायला हवं? त्या महिन्यात ती, पुढच्या महिन्यातही तीच.

दुपारी सगळ्या जणी पोत्यांवर गोल करून जेवतात. डबे मधोमध, हात सगळ्यांचे. हिच्या सुकटीवर तर झडप पडायची. फोटो लागला तशी एकजण म्हणाली, "फोटोवालीला खुर्ची द्या गं, ती आता हापिसातली हाय." सगळ्या हसल्या. मग हळूहळू सुकटीला कुणी हात लावेना. ती मशिनपाशी एकटीच जेवायला लागली.

एक दिवस माझ्याकडे आली. "मॅडम, तो फोटो काढा ना."

"अगं, मान आहे तो तुझा. जळतात त्या, जळू देत," म्हणून मी तिला वाटेला लावलं. माझं हे असंच, आधी तोंड चालतं, मग डोकं. करायला गेले गणपती नि झाला मारुती, तरी मला आपला गणपतीच दिसत होता.

त्यानंतर पाकिटं परत येऊ लागली. सगळी तिच्या मशिनवरची. मी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ती मान खाली घालून उभी. तशी तिला 'फोटोवाली' म्हणणारीच पुढे आली, "जाऊ द्या मॅडम, चुकतं माणूस." त्या दुपारी ती परत गोलात बसलेली मी ऑफिसच्या काचेतून पाहिली. तिच्या डब्यात चार हात होते आणि ती हसत होती. तेव्हा कुठे मला उमगलं, पाकिटं का बिघडत होती ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझा डबा तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी स्टुलावर चढून फोटो मीच उतरवला. दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. म्हटलं, "चुकलं माझं. आता पूर्वीसारखं काम कर."

"नाय मॅडम. पाकिटं सरळ निघाली की तुमी परत लावाल."

"नाही गं लावणार, शप्पथ."

"तवा मी सांगितलं, तर तुमी ऐकलं नाय."

एवढंच बोलून ती जागेवर गेली. मी दारातच उभी होते. तिने पाकीट मशिनखाली धरलं, सवयीने अगदी सरळ. मग बोटाने जरासं तिरकं केलं आणि पायाने पेडल दाबलं.