सुचेताची उजवी मूठ

सुचेता करंबेळकरचा उजवा हात कोपराखाली उरला नव्हता, तरी त्याची मूठ मिटलेलीच होती.

ऐकायला चमत्कारिक वाटेल; पण हात गेलेल्या कितीतरी माणसांना तो जागच्या जागी असल्यासारखा भासतो, असं डॉक्टरांनीच तिला समजावलं होतं. कुणाला खाज सुटते, कुणाला मुंग्या येतात. सुचेताच्या नसलेल्या हाताची नखं नसलेल्या तळव्यात रुतून बसली होती. कचेरीत काम करता करता एकदम कळ यायची, आणि समोरचा माणूस बोलत असताना ती डाव्या हाताने रिकामी बाही धरून भिंतीकडे बघत राहायची. गोळ्या झाल्या, मालिश झालं. मूठ उघडेना.

कळ तिने डॉक्टरांना सांगितली होती. मुठीत काय आहे, ते मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. मुठीत शोभाची बोटं होती.

शोभा तिची थोरली बहीण. लहानपणी पोलिओ होऊन तिचा एक पाय वाळला होता. वडील सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून भोपाळला आले, नेहरू नगरात छोटंसं घर बांधलं आणि तिथेच वारले. पाठोपाठ आईही गेली. मग त्या घरात दोघी बहिणीच राहिल्या. दोघींची लग्नं झाली नाहीत, आणि त्याची फारशी खंतही कुणी केली नाही. बाहेर पडलं की शोभा उजवीकडे आणि सुचेता डावीकडे, हातात हात, हे इतकं ठरलेलं होतं की कोटऱ्याच्या बाजारातले भाजीवाले दोघींना मिळून एकच हाक मारत.

गेल्या वर्षी साकेत नगरातलं हळदीकुंकू आटोपून परत येताना उतारावर त्यांची ऑटो उजव्या कुशीवर कलंडली. शोभा जागीच गेली. तिचा हात धरलेला सुचेताचा हात ऑटोखाली चेंगरला, आणि डॉक्टरांना तो कापावा लागला.

तेव्हापासून सुचेता रस्ता ओलांडताना मधेच थांबते. उजवीकडे किंचित ओढ लागते, मागे राहिलेलं कुणीतरी पाय उचलतंय अशी. ती त्याच्यासाठी थांबते. भोवतालच्या गाड्या कर्कश हॉर्न वाजवतात. "ओ माताजी, चलना है कि नहीं?" एकदा एक टेंपोवाला ओरडला, आणि सुचेता अगदी सहज म्हणाली, "एक मिनिट, दीदी आ रही है." टेंपोवाल्याने तिच्या मागे पाहिलं, आणि टेंपो बाजूने काढला.

मुष्टियुद्धाच्या वर्गात तिला पाठवलं ते दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी. अरेरा कॉलनीत दुकानांच्या एका इमारतीच्या तळघरात केतकी नावाची इंदूरची मुलगी हा वर्ग घेते. वजन उतरवायला येणाऱ्या बायका सकाळी, आणि संध्याकाळी ज्यांच्या शरीरात काही ना काही कमी आहे अशी माणसं. तिथे कुणी कुणाला मारत नाही. पोत्यावर आणि केतकीच्या हातातल्या गाद्यांवर ठोसे मारायचे, तोल सांभाळायचा, घाम गाळायचा. चौपन्न वर्षांच्या कारकून बाईने असलं काही करावं, हे सुचेताला हास्यास्पद वाटलं होतं. पण कळ माणसाला कुठेही घेऊन जाते.

"या मावशी," चाकांच्या खुर्चीवरून परीक्षितने तिचं स्वागत केलं. हा बँकेतला तरुण. पाठीच्या कण्याला मार बसून त्याचे पाय गेले होते, जीभ शाबूत होती. "एक हात तुमचा गेला, दोन पाय माझे गेले. उरलेलं जोडलं तरी एक बॉक्सर होऊन वर सामान शिल्लक राहतंय बघा."

"परीक्षित, चूप बस," केतकी म्हणाली.

"मी तर हिशेब सांगतोय."

सुचेता कितीतरी दिवसांनी हसली.

ठोसे मारण्याआधी केतकी प्रत्येकाच्या हातांना स्वतः कापडी पट्टी बांधते. अंगठ्यात अडकवून मनगटाभोवती, मग बोटांच्या सांध्यांवरून. खाली मान घालून, कुणाच्या ना कुणाच्या घरच्या गोष्टी ऐकत ती हे काम भराभर उरकत असते. सुचेताच्या डाव्या हाताची पट्टी संपली, आणि केतकी सवयीने मान वर न करताच म्हणाली, "हं, दुसरा द्या."

सुचेताने दिला. म्हणजे खांदा पुढे केला, बाही पुढे आली, आणि आत मिटलेली मूठही पुढे आली. केतकीने हात पुढे केला तो रिकाम्या बाहीवर पडला. तिचा चेहरा पांढराफटक झाला.

"सॉरी ताई. माझं ध्यानच नव्हतं—"

"असू दे. बांध," सुचेता म्हणाली. "त्यालाही बांध."

केतकीने कोपरापासून वर, हाताच्या उरलेल्या तुकड्याला पट्टी बांधली. त्या संध्याकाळी सुचेताने पोत्यावर डाव्या हाताने ठोसे मारले, आणि प्रत्येक ठोशाला उजवी मूठही हलली. आतली बोटं मात्र थंडगार होती, आणि प्रत्येक धक्क्याला तिच्या तळव्याला अधिक बिलगत होती.

पुढच्या आठवड्यात फिजिओबाईंच्या सांगण्यावरून केतकीने टेबलावर एक आरसा उभा केला. सुचेताला त्याच्यासमोर असं बसवलं की हाताचा तुकडा आरशामागे लपला आणि डाव्या हाताचं प्रतिबिंब बरोबर उजव्या हाताच्या जागी दिसू लागलं. कितीतरी महिन्यांनी सुचेताला आपले दोन्ही हात दिसले.

"आता डावी मूठ आवळा. बस्स. आता हळूहळू उघडा. नजर शीशावरच ठेवा, ताई."

आरशातली मूठ उघडू लागली. आणि खरोखरच, नसलेल्या तळव्यातून नखं निघाली. कळ ओसरू लागली, पाणी ओसरावं तशी. सुचेताने सुटकेचा श्वास घेतला, आणि त्याच क्षणी तिला जाणवलं की मुठीतली बोटं निसटताहेत. करंगळी सुटली. मग अनामिका, तिच्यातली पातळ अंगठी तळव्यावरून घासत गेली.

"शोभे!" ती ओरडली आणि मूठ आवळली. आरसा खाली पडून फुटला.

ती परत वर्गाला गेली नाही. कळ दुप्पट जोराने आली. पण कळेबरोबर बोटंही परत आली, म्हणून कचेरीतून आल्यावर घरात एकटी बसून ती सोसत राहिली. केतकीचे फोन वाजून वाजून बंद होत. अखेर एका रविवारी केतकी स्वतःच नेहरू नगरच्या घरी येऊन थडकली, आणि चहा पुढे ठेवताना सुचेताने तिला सगळं सांगून टाकलं. मूठ उघडली तर कळ जाईल, आणि कळ गेली की शोभाही जाईल.

वेडी समजेल, असं तिला वाटलं होतं. केतकीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या तुमच्या उजव्या बाजूला असतात?"

"नेहमी."

"तरीच! मी रोज डोकं खाजवत होते, या बाई उजवीकडे झुकतात कशा. एक हात कमी म्हटल्यावर डावीकडे झुकायला हवं ना." आणि मग आपणच शहारल्यासारखं करून तिने ओढणी सावरली. "ताई, मला मेलेल्या माणसांचं काहीच कळत नाही. मला मुठीचं कळतं. आम्ही पण मूठ सदा घट्ट ठेवत नाही. ठोसा बसतो तेवढीच घट्ट, बाकी वेळ ढिली. नाहीतर हात अकडून जातो. पूर्ण उघडू नका. नुसती ढिली करून बघा. त्या गेल्या तर मी म्हणेन, माझं चुकलं."

"आणि तुझं चुकलं म्हटल्याने मला काय मिळणार?"

"काही नाही," केतकी म्हणाली. "पण तुमच्या कचेरीत फोन केला होता मी. तुम्ही जेवत नाही, म्हणे. डब्याला हात लावत नाही. शोभाताईंना चालेल का ते?"

सुचेताने तिचा कप उचलून आत नेला. मंगळवारी मात्र ती तळघराच्या पायऱ्या उतरली.

नवा आरसा आला होता. परीक्षितने खुर्ची टेबलापाशी आणून लावली होती. "मावशी, हा फोडला तर पुढचा बँकेकडून कर्ज काढून आणावा लागेल," तो म्हणाला खरा, पण आवाज खाली घेऊन.

सुचेता बसली. दोन हात दिसले. तिने डावी मूठ आवळली आणि सैल सोडली. आरशातली मूठ सैल झाली. नखं निघाली, कळ उतरली. ती वाट बघू लागली, आता करंगळी सुटेल, आता अनामिका. थोडी सैल, आणखी थोडी. सैल होता होता तळवा पुरता उघडा झाला. चुकून झाला. बोटं ताठ, पसरलेली. तिने काहीही धरलेलं नव्हतं.

आणि तरीही तिचा हात कुणीतरी धरलेला होता.

मनगटाच्या जरा खाली पाच बोटं, घट्ट. तिने आरशातला हात वर केला, बोटं फिरवली, हलकासा झटका दिला. पकड तशीच राहिली.

"ताई? दुखतंय का?" केतकीने विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"मग रडता कशाला?"

"मी सोडलंय गं," सुचेता म्हणाली. "तीच सोडत नाहीये."

परीक्षितने तिच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि आपली खुर्ची दोन हात मागे घेतली. केतकीने पट्टी उचलली, सुचेताच्या डाव्या हाताला बांधली आणि गाद्या घालून तिच्यासमोर उभी राहिली. सुचेताच्या उजव्या अंगाने पुढे यायची तिची सवय होती. आज ती डावीकडून वळसा घालून आली.

"सरळ उभ्या राहा," ती म्हणाली. "दोघी."

सुचेताने पाय रोवले आणि पहिला ठोसा मारला.