मांजरीचा भाडेकरू आणि नारायण पेठेतलं लोखंडी दार

मी घराला लोखंडी दार बसवलं ते एका सभ्य माणसाच्या भीतीने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायला मला जागा उरणार नाही.

मी राहतो नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. हडपसरच्या पलीकडे, मांजरी गावात माझा एक फ्लॅट आहे. तो भाड्याने द्यायचा ठरला तेव्हा एजंटने विचारलं, "कुठले लोक चालतील, साहेब?" मी बाणेदारपणे म्हणालो, "माणसं चालतील. आडनाव विचारू नका." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे वर्षभर मी ते मित्रांना ऐकवलं, मेव्हण्याला ऐकवलं, एकदा बँकेच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थांनाही ऐकवलं. भाडेकरू म्हणून आलं ते एक बौद्ध कुटुंब. साहेब लेखापरीक्षण खात्यात अधिकारी, बाई कॉलेजात शिकवणाऱ्या. भाडं एक तारखेला, कटकट काही नाही. यातही थोडा माझ्याच मोठेपणाचा वाटा आहे, असं मला वाटायचं.

मग तिथलं बाथरूम गळायला लागलं. खालच्यांच्या छताला ओल आली. साहेबांनी फोन केला, मी "बघतो" म्हणालो. पुन्हा फोन आला तेव्हा "प्लंबर गावाला गेलाय" म्हणालो. मी एकाही प्लंबरला ओळखत नव्हतो. असे तीन महिने गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "फोनवर हे काही होत नाही. रविवारी मी तुमच्याकडे येतो. समोरासमोर बोलू."

एवढंच. आवाजही चढलेला नव्हता. पण फोन ठेवून मी आधी दाराची कडी लावून पाहिली.

"एकटेच येतील का गं?" मी बायकोला विचारलं.

"बायकोला घेऊन येतील फार तर. तुम्हाला काय वाटलं, मोर्चा येणार?"

मला तेच वाटलं होतं. तिला मात्र म्हणालो, "दिवस बरे नाहीत. आपलं दार तरी कुठे मजबूत आहे?"

शनिवारपर्यंत लाकडी दाराबाहेर जाळीचं लोखंडी दार उभं राहिलं आणि वर कॅमेरा लागला. रविवारपुरता एक रखवालदारही मागवला. आले ते सत्तरीचे एक काका. तीन जिने चढून त्यांना इतका दम लागला की आम्हीच त्यांना खुर्ची आणि पाणी दिलं. सोबत त्यांनी एक वही आणली होती. नियम म्हणजे नियम.

ठरल्या वेळी साहेब आणि बाई आले. काकांनी वही पुढे केली. साहेबांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि 'भेटीचे कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बाथरूमची गळती'. जाळीच्या आत मी उभा होतो. दाराचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

भांडायला ते आलेच नव्हते. प्लंबर त्यांनीच शोधला होता. पण फरशी फोडायची तर सोसायटीच्या फॉर्मवर मालकाची सही लागते, आणि मालक फोनवर सापडत नव्हता. मी सही केली. दोन मिनिटं लागली. निघताना बाईंनी एकदा काकांकडे, एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये करार संपतोय आपला. आम्ही हडपसरला घरं बघायला लागलोय."

इतक्यावर लाज वाटून थांबायला हवं होतं. मी जुलैत दाराची, कॅमेऱ्याची, रखवालदाराची सगळी बिलं फाइलला लावून सीएकडे गेलो. आमचे जुने सीए आता नाहीत, त्यांची मुलगी काम बघते. मी म्हणालो, "हा खर्च भाडेकरूमुळे झालाय. भाड्याच्या उत्पन्नातून वजा कर."

तिने बिलं पाहिली. "काका, भाडेकरू कुठे राहतो?"

"मांजरीला."

"आणि दार?"

"माझ्या घराला."

"म्हणजे भाडेकरू मांजरीत आणि बंदोबस्त नारायण पेठेत." तिने बिलं माझ्याकडे सरकवली. "नाही मिळत. घरभाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढीच. देखभाल-दुरुस्ती त्यातच आली. दरवर्षी घेताच की तुम्ही."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. दुरुस्ती करा, नाहीतर करू नका."

मी करत नव्हतोच. गळणारं बाथरूम तसंच ठेवून दुरुस्तीची वजावट घेत आलो होतो, तेही कायद्याला धरून. तरीही माझा हट्ट सुटेना. "अगं, पण जिवाला धोका असेल तर?"

तिने एक कोरा कागद पुढे ठेवला. "त्यानेही वजावट मिळणार नाही. पण लिहा. कोणापासून धोका, त्यांनी काय केलं. खाली सही करा. फाइलला लावून ठेवते."

मी लिहिलं, 'माझे भाडेकरू', पुढे त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट. 'यांनी' लिहिलं आणि पेन थांबलं. यांनी काय केलं? बाथरूम दुरुस्त करा म्हणाले. त्यांच्याआधीचा भाडेकरू आमच्याच पेठेतला, आमच्यातलाच. त्याने बेसिन फोडलं होतं, जिन्यात उभं राहून मला आईवरून शिव्या दिल्या होत्या आणि जाताना पंखाही काढून नेला होता. तेव्हा मी साधी कडीसुद्धा बदलली नव्हती. 'तापट आहे, मनाने वाईट नाही' असं मीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

न विचारलेलं ते आडनाव मी पहिल्या दिवसापासून मनात जपून ठेवलं होतं. त्या कागदावर ते माझ्याच अक्षरात दिसत होतं.

"झालं का काका?" मुलीने विचारलं. मी कागद घडी करून खिशात घातला.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी मांजरीला गेलो. सोसायटीच्या गेटवर वही पुढे आली. 'भेटीचे कारण' या रकान्यापाशी मी इतका अडलो की रखवालदार म्हणाला, "काका, उरका. मागं गाडी थांबलीय." मी 'घरमालक' असं लिहिलं. आजवर मी तिथे येण्याचं तेवढं एकच कारण होतं.

साहेबांनी दार उघडलं. साधं लाकडी दार, मीच बसवलेलं, जरा घासत होतं. मी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. मोर्चाचंही. पंखा नेणाऱ्याचंही. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. साहेबांनी ती अर्धी ओळ वाचली. लेखापरीक्षक माणूस, दोनदा वाचली.

"नाव बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "वाक्य अपुरं आहे."

"पुढे लिहिण्यासारखं काही नव्हतं."

"ते तुम्हाला सीएच्या ऑफिसात कळलं. आम्हाला जाळीबाहेरच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "आता माफ केलं म्हणावं अशी अपेक्षा आहे का?"

होती. मी "नाही" म्हणालो. त्यांना ते खोटं आहे हे कळलं असावं, कारण त्यांनी चहाचं विचारलं नाही.

साहेब कागद परत देत म्हणाले, "हडपसरचं घर आम्ही परवा नक्की केलं. तिथल्या मालकाने आडनाव विचारलं, आम्ही सांगितलं, तो हो म्हणाला. बरं पडतं तसं." मग मला बाथरूममध्ये नेऊन त्यांनी नवी फरशी दाखवली. "गळती थांबलीय. पुढच्यांना त्रास नको."

निघताना मी दार ओढून घेतलं. ते घासलं. आतून साहेबांचा आवाज आला, "तेवढं दारही तासून घ्या. तीस टक्क्यांत बसेल."