शनवार तेलीण

आमच्या घरातल्या तीन वर्षांच्या शुक्रवारच्या संध्याकाळी फुकट गेल्या, आणि त्याला कारण माझी शनिवारची सकाळची शाळा.

आई गेल्यावर वडिलांना मी रायगडातून इकडे झाडीपट्टीत, वडशाजवळच्या या गावात घेऊन आले. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मराठीच बोलतो, भातच खातो, फक्त शनिवार पाळतो. म्हणजे पाळायला हवा. शुक्रवारी दिवस मावळताना दिवा लावायचा, घरातल्या वडीलधाऱ्यानं काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून आशीर्वाद म्हणायचा, आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. वडील आले त्या पहिल्याच शुक्रवारी मी हौसेनं आईचा चांदीचा पेला घासूनपुसून ठेवला. त्यांनी तो उचलला, पाहिला आणि टेबलावर पालथा घातला.

"उद्या सकाळी तू हजेरी घ्यायला जाणार. मग हे नाटक कोणासाठी?"

मी मुळातच तापट. म्हटलं, "तुम्ही काय एसटीच्या वर्कशॉपात शनिवारी देव देव करत होतात?"

"मी आयुष्यभर माझा रविवार दुसऱ्याला दिला आणि त्याचा शनिवार मागून घेतला. विचार कोणालाही."

विचारायची गरज नव्हती, खरंच होतं ते. तेव्हापासून पेला कपाटात गेला आणि आम्ही दोघं शुक्रवारी मुकाट्यानं जेवू लागलो. भाऊ केव्हाच इस्राएलला गेले, ते दर आठवड्याला फोन करतात. पण इथे या घरात आम्ही दोघंच, आणि वडील आता ऐंशीला टेकले. त्यांच्या तोंडून तो आशीर्वाद पुन्हा ऐकायला मिळेल की नाही, हाच विचार शुक्रवारी पानावर बसले की यायचा. त्यांना हे कधी सांगितलं नाही. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही.

शाळेत हा विषय निघाला तो सणांच्या पाठावरून. फळ्यावर मुलांचे सण लिहीत होते. पोळा झाला, दिवाळी झाली, धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, तुमचा सण कोनता? तुमी ख्रिश्चन हाव का?"

गावाचा तसाच समज होता. इतकी वर्षं मीही तो खोडला नव्हता, कोण समजावत बसेल म्हणून. पण त्या दिवशी सांगून टाकलं, आणि मग चौथीचा वर्ग माझ्या मागेच लागला. रोज शेवटच्या तासाला, "मॅडम, तुमच्याईचं सांगा न."

मी सांगत गेले. आमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते आणि एका रात्री तिथून निघाले, पीठ फुगायला वेळ नव्हता म्हणून बिनखमिराची भाकर घेऊन निघाले. त्याची आठवण म्हणून आम्ही वल्हांडणाच्या सणाला तीच भाकर खातो. मला वाटलं, पोरं हळहळतील. एक म्हणाला, "आमच्या घरी तं रोजच तशी भाकर असते." दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, बौद्ध घरातली, जरा विचार करून म्हणाली, "आमी बी निंगलो होतो न मॅडम. आमची आजी सांगते." एवढं बोलून ती पेन्सिलीला टोक करू लागली. पुरीम या आमच्या सणाची गोष्ट त्यांना फारच आवडली, कारण त्यात दुष्ट माणसाचं नाव आलं की गलका करून ते ऐकूच येऊ द्यायचं नसतं. त्या दिवशी हेडमास्तर धावत आले, त्यांना वाटलं वर्गात साप निघाला. खवले नसलेला मासा आम्हाला चालत नाही, झिंगेही नाही, हे ऐकून मात्र सगळ्या वर्गाला माझी दया आली.

मग आली आमच्या लोकांची कोकणातली गोष्ट. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या. पुस्तकं बुडाली, सामान बुडालं, भाषासुद्धा हळूहळू विसरली. शनिवार तेवढा लक्षात राहिला, त्या दिवशी काम करायचं नाही, ओझंही उचलायचं नाही. पुढे ही माणसं तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे.

पहिल्या बाकावरची पोरगी एकदम उठून उभी राहिली. ती तेल्याच्या घरची. तिच्या आज्याचा गावात लाकडी घाणा आहे, हल्ली मोटरीवर चालतो.

"आमचा आजा सोमवारी घाना बंद ठेवते," ती म्हणाली. "बैल होते तवापासून. आता बैल नाई, तरी बंदच ठेवते."

"अगं, मग तुम्ही आमचे भाऊबंदच."

मला वाटलं, छान झाला तास. पण पोरगी अजून उभीच.

"मंग मॅडम, तुमी शनवारी शाळेत काऊन येता?"

वर्ग माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "नोकरी आहे गं. पगार कोण देईल?"

"आमच्या आज्याले बी सोमवारी कोनी पगार नाई देत."

खरं सांगते, मला राग आला. नऊ वर्षांची पोर, उचलली जीभ लावली टाळ्याला. घरी जाऊन वडिलांपुढे चहाचा कप आपटत मी हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगितलं. वडील हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"पोरगी बरोबर बोलली," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

मी हेडमास्तरांकडे गेले. म्हटलं, शनिवार तसाही दप्तरमुक्त आहे, अभ्यास नसतोच, माझं काही होईल का? ते या भागातलेच, स्वभावानं मिश्कील. म्हणाले, "मॅडम, सरकारनं शनवार दप्तरमुक्त केला, मास्तरमुक्त नाई केला." तेही खोटं नव्हतं. दर शनिवारी रजा कोण देणार? विषय तिथेच मिटला असं मी धरून चालले.

पोरांनी मिटवला नव्हता. पुढच्या शनिवारी मी फाटकाशी पोचते तोच एकानं माझी पिशवी ओढून घेतली. "ओझं न्याचं नाई. तुमीच सांगितलं." वर्गात गेले तर फळा पुसलेला, खडू लपवलेले, आणि माझी खुर्ची भिंतीपासून ओढून मधोमध ठेवलेली. पहिल्या बाकावरची पोरगी पुढे आली.

"मॅडम, आज तुमी काईच करू नोका. लिवाचं नाई, काई उचलाचं नाई. आमीच शिकवतो, तुमी बसून राहा."

तिच्या मुठीत कुंकवाची पुडी होती. सोमवारी आजा बंद घाण्याला कुंकू लावतो, म्हणून बंद ठेवलेल्या मॅडमलाही लावायचं, असा तिचा हिशोब. मी म्हटलं, "बाई गं, मी घाणा नाही." वर्ग खिदळला. ती मात्र गंभीर. "मंग तुमाले काय लावाचं?"

"काहीच नाही. आमच्यात नुसतं बसायचं असतं."

हे तिला फारसं पटलं नाही, पण तिनं पुडी खिशात घातली. हेडमास्तर दारात येऊन बघून गेले. "हजेरी मी मांडतो," म्हणाले, "पोरं गोंधळ करून राह्यले तं आवाज द्या."

त्या दिवशी एका मुलानं आम्हाला पळसाच्या पानांची पत्रावळ लावायला शिकवलं, दुसऱ्यानं अंगातल्या पांढऱ्या शर्टालाच राजाचा अंगरखा समजून झाडीपट्टीच्या नाटकातली आरोळी ठोकली. मी खुर्चीत बसून होते. हात शिवशिवत होते, दोनदा उठायला गेले, दोनदा पोरांनी बसवलं. रिकामं बसणं किती अवघड असतं, हे मला या वयात चौथीच्या पोरांनी शिकवलं. मग ते दर शनिवारचंच झालं.

वडिलांना मी काही बोलले नव्हते. पण गावात काय लपतं? एका शनिवारी पाहते तर ते काठी टेकत टेकत चालत आलेले, आवारातल्या कडुनिंबाखाली बसलेले. शेजारी त्या पोरीचा आजा. तोही बघायला आला होता, शनवारची तेलीण कशी दिसते ते.

"तुमी शनवारचे, आमी सोमवारचे," आजा वडिलांना सांगत होता. "बाकी घाना एकच हाय, भाऊ."

वडील "हो" म्हणाले. शाळा सुटेपर्यंत दोघं तिथेच बसून उघड्या दारातून वर्ग पाहत राहिले. इकडे वर्गात पोरगी मला दटावत होती, "मॅडम, खाली बसा म्हटलं न." घरी चालत येताना वडील एवढंच म्हणाले, "तरी तू जातेस ते मला पटत नाही."

"पटू नका देऊ," मी म्हटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी शाळेतून आले तेव्हा कपाट उघडं होतं आणि पेला टेबलावर होता. सरळ ठेवलेला.

"मनुका कुठे ठेवतेस तू?" वडिलांनी विचारलं.

घरात मनुका नव्हत्याच. तीन वर्षांत आणल्याच कशाला असत्या? तशीच चपला अडकवून दुकानात पळाले. दुकानदाराकडे काळ्या मनुका नव्हत्या, खिरीत घालायचे पिवळे किसमिस होते. तेच घेतले, कोमट पाण्यात घातले, कुस्करले, गाळले. फिक्कट पाणी झालं, रंग ना रूप. इतक्या दिवसांनी विचारलं आणि मी हे पुढे ठेवणार, म्हणून मला रडू यायला लागलं.

"काळ्या मिळाल्या नाहीत," मी म्हटलं. "हे चालतं का, माहीत नाही."

वडिलांनी पेला उचलून उजेडात धरला.

"जहाज फुटून आलेली माणसं आपण," ते म्हणाले. "बरोबर काय आणलं होतं? दिवा लाव, दिवस बुडतोय."

मी दिवा लावला. त्यांनी आशीर्वाद म्हटला, मध्ये एका ठिकाणी अडखळले, मग मी पुढचा शब्द सांगितला.