अभनपूरचा अॅम्प्लिफायर

जुना, काचेच्या वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करताना सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की मला अभनपूरच्या काकू आठवतात.

काका गेल्यानंतर त्यांचा अॅम्प्लिफायर बंद पडला होता. मी तो उघडून पाहिला. फक्त फ्यूज उडाला होता. वॉल्व्ह शाबूत होते, आणि तसे वॉल्व्ह मी रायपूरभर शोधत होतो.

"फ्यूज गेला असंल ना रे? आमचे हे तेच बदलत जाय," काकू म्हणाल्या.

"नाही काकू, वॉल्व्हच जळले. आता भंगार झालं हे."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदराने त्यावरची धूळ पुसत म्हणाल्या, "घेऊन जाय मंग. तुह्या घरी तरी वाजन."

तेव्हा मी मनातल्या मनात खूश झालो होतो. भंगार वाजत नसतं, हे काकूंनाही ठाऊक होतं, एवढंही मला कळलं नव्हतं.